वरच्या खोलीतली कॉफी

आमच्या घरी कॉफी हा दुधाचाच एक प्रकार होता. पातेलंभर दूध, त्यात साखर, वर किसलेलं जायफळ आणि कॉफीची पूड शंका येण्यापुरती. ती पाहुण्यांसाठी असे, आणि त्यातही ज्यांच्यापुढे नुसता चहा ठेवणं बरं दिसत नाही अशांसाठीच. मी कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे कॉफी कुठून आली आणि कुणी आणली हे मला तोंडपाठ होतं. तिचं झाड कसं दिसतं हे मात्र पन्नाशी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं चिखलदऱ्याला. मे महिन्यात आमचं शहर तव्यासारखं तापलं की मी आणि बायको थोडे दिवस तिकडे जायचो. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरात एक खोली आम्हाला ठरलेली असे. घरामागे उतार होता, उतारावर उंच सिल्व्हर ओक आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपं. शेतकऱ्याच्या वडिलांनी कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या माळ्याकडून रोपं आणून लावलेली. शेतकरी चाळिशीतला, सावकाश बोलणारा. म्हशींवर घर चालायचं. घरात सगळे चहा पीत.

"तुम्ही स्वतः कॉफी घेत नाही?" पहिल्याच वर्षी मी विचारलं.

"कडू लागते, सर."

"मग एवढी झाडं कशाला ठेवलीत?"

"बापानं लावली. मले कुठं विचारलं त्यानं?"

असं म्हणायचा, पण चालता चालता झुडपाची वाळकी काडी मोडून टाकल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे. "तुम्ही उशिरा येता, सर. फुलं येतात तवा या. अख्खा उतार मोगऱ्यावानी वास मारते." आम्ही कधीच त्या वेळी गेलो नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे असत.

त्याच्या कॉफीचं पुढे काय व्हायचं याची त्याला फारशी कल्पना नव्हती. फळं टरफलासकट वाळवायची, खाली परतवाड्याहून एक व्यापारी येई, तो पोती भरून नेई. पुढे ती आणखी कुठल्या कुठल्या कॉफीत मिसळून जाई. या डोंगराची कॉफी म्हणून ती कुणीच प्यायलं नव्हतं.

धाकटा भाऊ जीप चालवायचा, पर्यटकांना पॉइंट दाखवायचा. जमीन दोघांची सामाईक. त्याचं म्हणणं, या उतारावरून दरी दिसते, इथं खोल्या बांधू. मला तो दुष्ट वाटला नाही, आजही वाटत नाही. एकदा आमच्यासमोरच तो भावाला म्हणाला, "दादा, लोकं इथं दरी पाहाले येतात. कॉफीकडं पाठ करून फोटो काढतात. मी रोज पाहतो ना." थोरल्याने वाकून एक वाळकी काडी मोडली. 

याच सुमारास आमच्या शहरात, चिकलठाण्याला, विमानतळापासून जवळ, एक मोठं हॉटेल उभं राहिलं. वेरूळला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्याचा मॅनेजर माझा जुना विद्यार्थी. माझ्या तासाला तो मागच्या बाकावर झोपायचा. आता उठून कोट घालून बसला होता. त्याने मला हॉटेल दाखवायला बोलावलं आणि कॉफीसाठी बांधलेल्या खास दालनात नेलं.

"सर, इथं फक्त सिंगल ओरिजिन."

"म्हणजे?"

"एकाच जागची. मिक्स नाही. कप हातात घेतला की गेस्टला तो डोंगर आठवला पाहिजे."

"आणि गेस्ट त्या डोंगरावर कधी गेलाच नसेल तर?"

"सर, तुम्ही अजून तसेच आहात," तो हसून म्हणाला.

मला समजलं ते असं, की एकाच शेतातली गोष्ट विकायला ठेवली की तिला इंग्रजी नाव लागतं, आणि इंग्रजी नाव लागलं की कप लहान होतो. पण त्याला महाराष्ट्रातल्याच डोंगरावरची कॉफी हवी होती आणि ती कुठं मिळेल हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या ज्ञानाचा कुणाला उपयोग होत होता.

मूठभर दाणे नमुना म्हणून मागवले. हॉटेलने ते बंगळुरूच्या एका जाणकाराकडे पाठवले. हा माणूस कॉफी चाखण्याचंच काम करायचा. त्याचा निरोप आला : संत्र्याची साल, गूळ, आणि शेवटी कुठल्याशा फुलाचा वास. मी फोनवर हे शेतकऱ्याला वाचून दाखवलं. 

"सर, आपल्याकडं संत्र्याचं झाड नाई."

"चवीचं सांगतायत हो."

"म्हंजे चांगलं म्हणतात का वाईट?"

"फार चांगलं म्हणतात."

 मग म्हणाला, "बापाले सांगाले पाहिजे होतं."

ठरलं ते असं. त्या हंगामाची सगळी कॉफी नीट तयार करायची. जूनच्या सुरुवातीला बंगळुरूचा जाणकार स्वतः येऊन ती चाखेल. त्याने मान डोलावली की हॉटेल दरवर्षी त्या उताराची कॉफी घेणार, पाकिटावर गावाचं आणि उताराचं नाव छापणार. धाकट्यानेही शब्द दिला : असं झालं तर मी उताराला हात लावणार नाही, नाही झालं तर पावसाळ्यानंतर झाडं निघतील. मला सांगायला तो मुद्दाम फोनवर आला. "सर, तुम्ही साक्षीला आहात."

त्या हिवाळ्यात थोरल्याने एकेक फळ लाल झाल्यावरच तोडलं. बाजेवर जाळी ताणून वाळवलं. बायको, मुली, सगळ्यांना कामाला लावलं. टरफल काढून तीन पोती दाणे झाले, हिरवट करड्या रंगाचे. मग प्रश्न आला ठेवायचे कुठं. जाणकाराने फोनवर बजावलं होतं, ओल लागू देऊ नका, आणि कसल्याही वासाशेजारी ठेवू नका. कॉफी शेजाऱ्याचा वास उचलते. त्याच्या घरात एका भिंतीपलीकडे म्हशी, आणि वळवाचा पाऊस पडला की उरलेल्या भिंती ओल्या. हॉटेलचं कोठार अजून बांधून व्हायचं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. कोरडी हवा हीच आमच्या शहराची एकमेव श्रीमंती. एप्रिलात तो पोती घेऊन आला, खोलीत फळ्या टाकून त्यांवर ती ठेवली, आणि जाताना दार ओढून घेऊन पुन्हा उघडून पाहिलं.

मे महिन्यात पुण्याला मुलीचं बाळंतपण आलं. आम्ही दोघांनी जायचं ठरवलं आणि घर सांभाळायला सासूबाईंना बोलावलं. त्यांचं गाव सिल्लोडकडचं. वयाने थकलेल्या, पण काम दिसलं की थकवा विसरणाऱ्या. निघताना मी त्यांना वर नेऊन पोती दाखवली. म्हटलं, "आई, घरातलं दुसरं काही गेलं तरी चालेल. ही तीन पोती जिवापाड सांभाळा. एका माणसाचं सगळं यात आहे."

"बिनघोर जावा, जावईबापू," त्या म्हणाल्या.

आम्ही परतलो तेव्हा घरभर उन्हाळी कामाचा वास होता. सासूबाईंनी वर्षाचा गहू ऊन दाखवून भरला होता. तुरीची डाळ, मुगाची डाळ, सगळं डब्यात. कामवाल्या बाईला हाताशी धरून उरकलं होतं. आम्ही पाणी प्यायलो, नातवाचे फोटो दाखवले. मग त्या म्हणाल्या, "वर चला. तुमची कॉफी बघा."

पोत्याचं तोंड सोडून त्यांनी ओंजळभर दाणे वर काढले. दाणे काळपट हिरवे, तुकतुकीत दिसत होते.

"एरंडेल चोळलं," त्या म्हणाल्या. "तिन्ही पोत्यांना. दोन दिवस बसले होते. दाणा न् दाणा हातातून काढला. आता दोन साल किडा फिरकायचा नाय. कसे चकाकायलेत बघा की."

आमच्याकडच्या कुठल्याही घरात डाळीला, गव्हाला उन्हाळ्यात एरंडेल लावतात. टिकवायचं ते एरंडेल लावून टिकवायचं. त्यांना जिवापाड सांभाळायला सांगितलं होतं, आणि ज्या धान्यावर माणसाचं सगळं अवलंबून असतं ते कसं सांभाळतात हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? मी बायकोकडे पाहिलं. तिने आईकडे पाहिलं. सासूबाईंची बोटं अजून तेलकट होती आणि नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

"छान केलंत," बायको म्हणाली.

मी दाणा नाकाशी नेला. लहानपणी पोट बिघडल्यावर आई चमचा पुढे करायची तोच वास. मला इतिहासातली बरीच साम्राज्यं कशी बुडाली ते सांगता येतं. या वेळी मात्र मी फक्त पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं.

शेतकऱ्याला मी फोन केला. गच्चीवर जाऊन केला, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "आजीले सांगितलं का?"

"नाही अजून."

"नका सांगू. मी येतो."

दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको एसटीने आले. सोबत गव्हाचा कोंडा आणला होता. कोंडा तेल ओढतो असं त्याच्या बायकोचं म्हणणं. वरच्या खोलीत चादरी अंथरल्या, दाणे पसरले, कोंड्यात घोळले, चाळले, जुन्या धोतराच्या फडक्यांनी पुसले. धुवायचं म्हटलं तर दाणा फुगेल, उन्हात टाकायचं म्हटलं तर तेल आत जिरेल. त्यामुळे पुसणं एवढंच हातात होतं. मीही बसलो. पुसलेला दाणा वासाला न पुसलेल्यासारखाच होता, पण कुणी तसं म्हटलं नाही.

जिन्यावरून सासूबाई आल्या. दारात उभ्या राहिल्या.

"काय करायलाव?"

"काही नाई, आजी," शेतकरी म्हणाला. "हाटेलवाल्याले बिनतेलाचं पाहिजे म्हणते."

"बिनतेलाचं? मग किडं पडतील की."

"तेच म्हणलं मी."

"अक्कल नाय त्यांना. एवढं मोठं हाटेल बांधलं अन् दाणा ठिवायचं कळना." असं म्हणत त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या, एक फडकं ओढलं आणि स्वतः लावलेलं तेल पुसू लागल्या. "आण लेकरा इकडं. तुला नाय जमत. असं अंगठ्यानं घासावं."

शेतकऱ्याची बायको पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत बसली. ती रडत होती का हसत होती, मला कळलं नाही. बहुधा तिलाही नसेल.

मी हॉटेलात जाऊन मॅनेजरला चाखणं पुढं ढकलायला सांगितलं. सासूबाईंच्या कानावर जाईल म्हणून कारण सांगितलं नाही, माल अजून तयार नाही एवढंच म्हटलं. तो हबकला. "सर, कार्डं छापलीत. बंगळुरूच्या साहेबांचं तिकीट झालंय. मोठे पाहुणे येतायत. चाखणं म्हणजे फॉर्मॅलिटी हो. मागच्या वेळी पास झालेलीच आहे ना?" सत्कार ठरला होता, शाल ठरली होती, बॅनरवर शेतकऱ्याचा फोटोही छापून झाला होता. एवढं छापून झाल्यावर वस्तुस्थितीला मागं सरकावं लागतं, हे मी अनेक समारंभांत पाहिलेलं आहे.

चाखण्याच्या दिवशी सासूबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी तयार होत्या. "एवढी राबले त्याच्यावर. बघू तरी काय म्हणत्यात." त्यांना नको म्हणायला कारण नव्हतं. खरं कारण सांगता येत नव्हतं.

चाखणं आधी होतं, पाहुणे यायच्या अगोदर, त्या खास दालनात. आम्ही भिंतीशी खुर्च्यांवर बसलो. सासूबाई शेतकऱ्याच्या शेजारी. जाणकार बारीक अंगाचा, शांत माणूस होता. थाटमाट नव्हता त्याला, आणि त्याच्याकडे पाहून मला जास्तच वाईट वाटलं. भोंदू असता तर बरं झालं असतं. त्याने दाणे आधी हुंगले आणि थांबला. भाजून, दळून, गरम पाणी ओतून कप मांडले. चमच्याने घोट घेतला, मोठ्याने सुरका मारून. सासूबाई शेतकऱ्याच्या पुढून माझ्याकडे वाकून कुजबुजल्या, "एवढा शिकलेला माणूस, पिता येईना नीट."

त्याने दुसरा कप घेतला. तिसरा. मग चमचा खाली ठेवला आणि शेतकऱ्याला हिंदीत विचारलं, "आधी पाठवलेला नमुना आणि ही कॉफी एकाच झाडांची आहे?"

"हो, साहेब."

"याला औषधासारखा वास आहे. तेलाचा. कशाजवळ ठेवली होती का? काही लावलं होतं?"

 मी तोंड उघडलं. शेतकऱ्याचा हात माझ्या मनगटावर आला, जड, म्हशी आवरणारा हात. त्याच्या पलीकडे सासूबाई लुगड्याचा काठ सारखा करत बसल्या होत्या. हिंदी त्यांना चांगली कळायची. निजामाच्या राज्यात वाढलेल्या त्या. बाजारातली निम्मी बोली त्यांची तीच होती.

"नाही, साहेब," शेतकरी म्हणाला. "आमच्या डोंगराची अशीच येते. कधी चांगली, कधी अशी."

हॉटेलवाल्यांना बिनतेलाचंच हवं हे ठाऊक असल्यामुळे सासूबाईंनीही मान डोलावली. जाणकाराने शेतकऱ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे वळून, हलक्या आवाजात, जे म्हणायचं ते म्हणाला. दरवर्षी एकसारखी येत नसेल तर नाव छापण्यात अर्थ नाही. यात त्याचं काही चुकलं नाही.

समारंभ मात्र झाला. एका मोठ्या पाहुण्यांनी मराठवाड्याच्या मातीतल्या या सुगंधाचा अभिमान व्यक्त केला. चिखलदरा मराठवाड्यात नाही हे त्यांच्या कानात सांगण्याएवढा जवळ कुणी बसला नव्हता. शेतकऱ्याला शाल दिली, नारळ दिला, फुलांचा गुच्छ दिला. सगळ्यांना लहान कपांतून कॉफी दिली. शेतकऱ्याने घोट घेतला, तोंड वाकडं न करता गिळला आणि मला विचारलं, "ही कोणाची?"

"माहीत नाही. डब्यातली."

"बरी आहे," तो म्हणाला.

सासूबाई त्याच्या खांद्यावरची शाल चाचपून पाहत होत्या. "पास झाला ना रे पोरा?"

"झालो, आजी."

"मग? मी म्हणलं नव्हतं का?"

दुसऱ्या दिवशी मी एकटा हॉटेलात गेलो. मॅनेजरला सगळं सांगितलं, एरंडेलापासून. जाणकार सकाळच्या विमानाने गेला होता. मॅनेजरने त्याला फोन लावला, त्यानेही ऐकून घेतलं. पण माल तर गेलाच होता, आणि नवीन माल पुढच्या हंगामाशिवाय येत नाही. झाडाला त्यात घाई करता येत नाही. "नेक्स्ट इयर नक्की, सर," मॅनेजर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तोवर त्यांनी कुर्गची एक कॉफी ठरवली होती.

धाकट्यालाही मी फोन केला. साक्षीदार होतो ना. तो शेवटपर्यंत शांतपणे बोलला. "सर, दादानं मले सगळं सांगितलं. आजीचं काही चुकलं नाई. माझी आई असती तर तिनंही तेच केलं असतं. पण पुढच्या साली दुसरं काही होईल. पाऊस होईल, माकडं येतील, हाटेलवाला बदलेल. किती साल थांबू? माझीही लेकरं मोठी व्हायला लागली." मी एक वर्ष मागितलं. तो म्हणाला, "एक एक वर्ष करत मी आठ वर्षं देऊन राहिलो." 

तीन पोती शेतकरी जाताना घेऊन गेला. परतवाड्याच्या व्यापाऱ्याने वास घेऊन नाक मुरडलं, पण नेली. मिसळून टाकायची म्हटल्यावर एवढं चालतं.

पावसाळा संपला. सासूबाई त्या वर्षी आमच्याकडेच राहिल्या. त्यांचा एक गुडघा धरला होता. एका दुपारी त्या आतल्या पलंगावर पडल्या होत्या, मी बैठकीत होतो आणि बायको मटार सोलत होती. फोन वाजला, शेतकऱ्याचा. हात गुंतलेले म्हणून तिने तो स्पीकरवर ठेवला.

"सर आहेत का? सर, झाडं काढली आज."

"सगळी?"

"मशीन आणली होती. मले वाटलं लई वेळ लागेल. पण मुळं वरच होती. दुपारच्या जेवणाआधी झालं." मागे कुठंतरी इंजिनाचा आवाज येत होता. "सावलीची झाडं ठेवली. भाऊ म्हणते, तेवढी शोभेला पाहिजेत."

मी विचारलं, तुम्ही कुठं होतात. म्हणाला, म्हशींकडं.  बायको मटाराची शेंग हातात धरून तशीच बसली होती.

आतून सासूबाईंनी हाक मारली. "कोणाचा फोन? त्या कॉफीवाल्या पोराचा व्हय?"

"हो आई."

"त्याला म्हणा, औंदाची पोती पण इथंच आणून ठिव. मी हाय अजून."

पलीकडे ते ऐकू गेलं.  मग तो म्हणाला, "आजीले सांगा, ठेवतो म्हणा."

बायकोने आत जाऊन तसं सांगितलं.